देवडी पुरी होईपर्यंत

आमच्या गावात राजवाडा होता असं सांगितलं की लोक माझ्याकडं जरा आदरानं बघायला लागतात. मी त्यांना थोडा वेळ बघू देतो. मग सांगतो की राजवाडा म्हणजे ओढ्यापलीकडची महारांची वस्ती. तुराट्यांचे कूड, गवताची छपरं, आणि पाण्यासाठी दुसऱ्यानं वरून धार धरेपर्यंत विहिरीच्या कठड्याखाली थांबायचं. त्या वस्तीला सगळं गाव राजवाडा म्हणायचं आणि म्हणताना कुणाला हसू येत नसे. कुणीतरी कधीतरी थट्टेनं ठेवलेलं नाव. थट्टा गाव विसरलं, नाव राहिलं. मला शब्दांचा राग यायला लागला तो इथून, आणि अजून गेलेला नाही. डॉक्टर म्हणतात या वयात राग बरा नाही. त्यांनाही मी राजवाड्याची गोष्ट सांगितली आहे.

मोठ्या घरांच्या नावांबाबत आमचा मुलूख तसाही बेभरवशाचा. वाडा म्हणावं, तर शेळ्यांचाही वाडा असतो. महाल म्हणावं, तर सरकारी दप्तरात महाल म्हणजे तालुक्याहून लहान असा मुलखाचा तुकडा. त्यात झोपता येत नाही, सारा मात्र भरता येतो. कोठीचं तर विचारूच नका. मी बीडला सरकारी शाळेत शिकत होतो, तिथं सगळं उर्दूत, भूमितीसुद्धा. हैदराबादेत खुद्द निजाम कोठीत राहतात असं तिथं ऐकलं आणि सुट्टीला आल्यावर चुलीपाशी सांगितलं. भाकरी थापता थापता माय थांबली. आमच्या घरात कोठी एकच होती, मातीची, माझ्या खांद्याला लागेल एवढी, ज्वारी साठवायची.

"एवढा मोठा राजा अन् कोठीत ऱ्हातो?" ती म्हणाली.

मी सांगितलं, तिकडं कोठी म्हणजे मोठा बंगला.

तिनं भाकरी उलटली, कडा दाबल्या. "तरीच," म्हणाली. "सगळी ज्वारी तिकडंच का म्हून जाती ते मला कळंना झालतं."

पुढं आयुष्यात मी पोतंभर पत्रकं लिहिली. या वाक्याच्या आसपास जाईल असं एकही वाक्य त्यांत नाही.

आमचं गाव चकलांब्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, एका जहागिरीत होतं. जहागीरदार नवाबसाहेब हैदराबादेत राहायचे. त्यांना गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या वतीनं यायचा तो त्यांचा मुन्शी. उंच, किडकिडा, उन्हाला त्रासलेला माणूस, कायम पान तोंडात आणि कायम हैदराबादची आठवण. मराठी तो बोलत नसे. त्याला येत नाही असं सगळे धरून चालले होते, मीही.

एका वर्षी हा मुन्शी आला आणि महादेवाच्या देवळापुढं गाव गोळा करून म्हणाला की गावाच्या मावळतीला जे टेकाड आहे, तिथं नवाबसाहेबांच्या मनात ड्योढी बांधायची आहे. दगड टेकाडावरच होता. गवंडी हैदराबादेहून येणार होता. गावानं वेठ द्यायची, म्हणजे फुकट राबायचं. घरटी एक माणूस पाळीपाळीनं, आणि ज्याच्याकडं बैल असतील त्यानं बैल.

ड्योढी म्हणजे आपली देवडी, असं सगळ्यांनी धरलं, आणि देवडी काय असते ते आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक. मोठ्या दरवाजातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांना बसायला ओटे असतात, वर कमान. तिथं बसून गडी चिलीम ओढतो आणि आल्यागेल्याला "कोण बे?" म्हणून विचारतो. तेवढीच देवडी. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. दोन ओटे आणि एक कमान.

"कवरच्यान द्यायची वेठ?" असं आमच्या आबांनी विचारलं.

पाटलानं ते उर्दूत विचारलं. मुन्शी म्हणाला, "ड्योढी मुकम्मल होने तक." पाटलानं सांगितलं, "देवडी पुरी होईपर्यंत."

आबांनी पिंडीवरचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेतला आणि गावाच्या वतीनं शब्द दिला. पाटलानं हात पाठीमागं ठेवले होते. पाटील हुशार होता, म्हणून तर पाटील होता. लोक घरी गेले ते खुशीत. नवाबाला व्यवहार कळत नाही, एका कमानीसाठी एवढा डोलारा, असं म्हणत गेले. राजवाड्याकडून शब्द घेतला नाही. त्यांनी वेठ करायची हे ठरलेलंच होतं. त्यासाठी कुणी बेल वाया घालवत नाही.

आबा म्हणजे कसा माणूस, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कमी बोलायचे, आणि बोललेलं सांभाळत बसायचे, जसं दुसरे लोक म्हशी सांभाळतात. कुणाचं बियाणं उसनं आणलेलं परत केलं तर समोरच्यानं "पावलं" असं तोंडानं म्हटल्याखेरीज जागचे हलायचे नाहीत. एकदा एका शेजाऱ्यानं चेष्टेनं तोंड मिटून घेतलं, तर आबा त्याच्या दारात दिवस कलेपर्यंत बसून राहिले. शेवटी त्याच्या बायकोनं आतून ओरडून सांगितलं, "पावलं, पावलं, जावा आता, मला सडा टाकायचाय!"

काम सुरू झालं. माझा थोरला भाऊ, दादा, आमच्या घरचा वेठीचा माणूस. आमची खिलारी जोडी, पवळ्या आणि सोन्या, चुन्याच्या घाणीला जुंपली. ही घाणी म्हणजे दगडी चर गोल खणलेला, त्यात दगडाचं चाक, आणि बैलांनी त्याच्याभोवती फिरत राहायचं. चुना मळून निघतो. टेकाड आमच्या परसापासून दिसायचं आणि त्याहून जास्त ऐकू यायचं. पहाटेपासून छिन्न्यांची टकटक, मग घणाचे ठोके, आणि सगळ्यांखाली त्या दगडी चाकाचं कण्हणं. त्यात माय आमच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज वेगळा काढायची. दळता दळता जातं थांबवून म्हणायची, "सोन्या लंगडतुय." आणि दादा परत आला की सोन्याचा खूर खरंच सुजलेला असायचा.

एक पावसाळा गेला. देवडीचा पाया टेकाडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. गावानं तो पाहिला आणि जो विचार केला तो मी इथं मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढं शहरातल्या सभांत हे सांगितलं की लोकांना मी थापा मारतोय असं वाटायचं. गाव म्हणालं, देवडीच एवढी, तर मग वाडा केवढा! त्या वाड्यासाठी पुन्हा वेठ मागितली तर आपण बेल उचलायचं नाही, असं लोक चावडीवर बसून पक्कं ठरवत होते. दिवसा राजमहाल बांधत होते आणि संध्याकाळी राजमहाल बांधायचा नाही असं ठरवत होते.

गवंडी उस्ताद दस्तगीर मोठा गप्पिष्ट माणूस होता. आबांची आणि त्याची दोस्ती जमली. आबा विचारायचे, "उस्ताद, देवडी कवा हुईल?" तो म्हणायचा, "ड्योढी को अबी भोत टैम है, आबासाब." आबा म्हणायचे, "लई मोठी देवडी हाय." तो म्हणायचा, "हौ, ऐसी ड्योढी जिल्हे में नई." दोन सुग्या दोघं एकाच शब्दावर रोज बसून तंबाखू मळत होते आणि त्या शब्दाखाली दोन वेगळ्या इमारती आहेत हे एकालाही कळलं नाही.

तोवर घरात काय शिजत होतं तेही सांगतो. रब्बीची ज्वारी पेरायची ती हस्ताच्या आगेमागे, जमिनीत ओल असते तोवर. पहिल्या वर्षी त्या दिवसांत बैल घाणीला होते. मागून पेरलं, ते गुडघाभर येऊन थांबलं. मायच्या कोठीचा तळ दिसला. भाकरीच्या जागी हुलग्याचं माडगं आलं. माडगं वाईट नसतं. पावसाळ्यात एखाद्या दिवशी गरमागरम, गूळ घालून, मजेत पितात. रोज दोन वेळा, गुळाशिवाय, आणि वाडगं चाटून ठेवायचं, म्हणजे ते माडगं राहत नाही. आज आमच्या सुनबाई कौतुकानं करतात, पौष्टिक म्हणून. मी ते पाहुण्यांना देतो.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत मी घरी आलो तो भलताच पेटलेला होतो. आष्टीच्या पलीकडं इंग्रजी मुलूख. तिकडं छापलेली पत्रकं आष्टीहून बीडला सीताफळांच्या पाट्यांत तळाला दडवून यायची. आम्हा पोरांच्या हातात ती चिकट होऊन पडायची आणि आम्ही ती मुंग्यांसकट वाचायचो. 'बंधूंनो', 'जुलूम', 'कुठवर सोसणार' हे शब्द मला अजून गोड लागतात ते त्यामुळंच. असा मी घरी आलो, तर हस्त तोंडावर आलेला, रानात ओल आलेली, आणि आमचे बैल टेकाडावर गोल फिरतायत. दादाची पाठ धरली होती. त्याच्या जागी मी वेठीला गेलो.

मला घमेलं दिलं. माझ्या पुढं सटवा होता, राजवाड्यातला. आबांच्या वयाचा माणूस, पण गाव त्याला सटव्या म्हणायचं. मी समतेची पत्रकं वाचल्यापासून त्याला सटवाबा म्हणायला लागलो होतो. प्रत्येक वेळी तो मागं वळून दुसरा कोण आला ते बघायचा. उस्ताद दस्तगीर भिंतींवरून हिंडत दाखवत होता, "ये दीवानखाना. ये ख्वाबगाह. उदर हमाम. पीछे जनाना."

देवडीत निजायची खोली, न्हाणीघर, जनाना? मी म्हणालो, "उस्ताद, हे सगळं मागच्या वाड्यात ना?"

"कौनसा वाडा?"

"देवडीच्या मागं जो बांधणार तो."

उस्तादानं मागं वळून पाहिलं, मग माझ्याकडं. "ड्योढी के पीछे तो पहाड है, मियाँ," तो म्हणाला. "ड्योढी इच तो है ये सब."

मी घमेलं खाली ठेवलं. शाळेत अमीर-उमरावांच्या ड्योढ्यांची नावं मी ऐकली होती. ती घरांची नावं आहेत, दारांची नव्हेत, हे माझ्या डोक्यात होतंही. उर्दूतली ड्योढी उर्दूत होती आणि मराठीतली देवडी मराठीत होती, आणि मी उर्दूत पहिला नंबर असून दोघींची कधी गाठ घातली नव्हती. सटवाबाला मी समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी देवडी पुरी झाल्यावर वाडा, असं न्हाई," तो म्हणाला.

"नाही. देवडी म्हणजेच वाडा."

"मंग बरं झालं," तो म्हणाला. "त्या वाड्याचं लई भ्याव वाटत व्हतं."

त्या दुपारी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता, 'देवडी नव्हे, दरवडा!' सुरुवात होती, 'बंधूंनो, उठा!' खाली सगळा शब्दार्थ फोडून सांगितला होता. मायची नजर चुकवून ज्वारीच्या पिठाची खळ केली आणि ते चावडीच्या भिंतीला डकवलं. गावात वाचता येणारे दोघंतिघं. पाटलानं ते वाचलं आणि हात पाठीमागं बांधून निघून गेला. तिसऱ्या प्रहरी एक शेळी आली. तिनं मथळ्यापासून सुरुवात केली आणि खालच्या सहीपर्यंत काही सोडलं नाही. असा वाचक मला पुन्हा मिळाला नाही. मायला मात्र पत्रकातला मजकूर कळायच्या आधी खळ कळली. "घरात माडगं अन् भिंतीला ज्वारी!" म्हणून तिनं मला उलथन्यानं हाणलं. हे माझ्या चळवळीतलं पहिलं दमन. सरकारी नव्हतं म्हणून त्याची कुठं नोंद नाही.

मग मी आबांकडं गेलो. ते ओट्यावर दोर वळत बसले होते. मी उभ्यानंच सांगायला लागलो, आवाज चढवून, जणू समोर शंभर माणसं होती. आबांनी सगळं ऐकलं.

"म्हंजे त्यांच्या बोलीत देवडी म्हंजे महाल," ते म्हणाले.

"होय आबा. फसवलं तुम्हाला!"

"फशीवलं न्हाई. त्यो त्याच्या बोलीत बोलला, मी माझ्या."

"मग तुमच्या बोलीतली देवडी कधीच झाली! ओटे झाले, कमान झाली, त्यात त्यांचा पहारेकरी बसतो. बैल सोडून आणा."

"आनतो की. त्यानं 'पावली' म्हनू दे."

"तो कसा म्हणेल? त्याला महाल पाहिजे!"

"मंग मी कसा आनू? भंडारा माझ्या हातात व्हता, तुझ्या न्हवं."

आतून मायचा आवाज आला. "आवो, ह्या वर्साला बी पेरणी हुकली तर त्योच भंडारा खावा लागंल. इतकंच म्हन्ते." टेकाडावरून घुंगरं ऐकू येत होती, गोल गोल, मोठी होत आणि लहान होत.

आबांवर मी इतका चिडलो होतो की सांगता येत नाही. जुलमाशी लढायला निघालो तर आडवा आला तो माझ्याच बापाचा प्रामाणिकपणा. आमच्या पत्रकांत या अडचणीवर एक ओळही नव्हती. पण एक गोष्ट कळली. शब्द मोडायचा म्हटलं तर आबा मरतील, बैल आणणार नाहीत. तेव्हा शब्द पुराच करायला पाहिजे, आणि तो पुरा झाल्याचं मुन्शीच्या तोंडून वदवायला पाहिजे.

मुन्शी पाहणीला आला तेव्हा सकाळची वेठ नुकतीच गोळा झाली होती. दरवाजाच्या कमानीखाली, डाव्या ओट्यावर, त्यांचा रोहिला पहारेकरी पेरू खात बसला होता. मी पुढं झालो आणि शाळेतली सगळ्यात इस्तरीची उर्दू काढली. मुन्शीजी, इथं महल बांधला जातोय, त्याबद्दल गावाच्या वतीनं मुबारकबाद.

मुन्शीनं इकडंतिकडं पाहिलं. "तौबा," तो म्हणाला. "महल हुजूर का होता है." मग त्यानं मला समजावलं, रागानं नव्हे, एखाद्या शिकाऊ पोराला रीत शिकवावी तसं. हैदराबादेत अमिराच्या घराला कितीही दालनं असोत, त्यानं त्याला ड्योढी म्हणायचं. घर एकच, हुजुरांचं, म्हणजे निजामांचं. बाकीचे सगळे दारात बसलेले. "हम सब चौखट के लोग हैं," असं म्हणून त्यानं रुमालानं मान पुसली.

मी म्हणालो, ठीक. पण मी जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांना अर्जी लिहिणार आहे, की आमच्या गावी दीवानखाना, ख्वाबगाह, हमाम आणि जनाना असलेली एक इमारत उठते आहे. उर्दू माझी बरी आहे. तिला महल म्हणू की काय म्हणू, तेवढं आपण सांगावं.

पान त्याच्या गालात जागच्या जागी राहिलं. नवाबसाहेबांचे हैदराबादेत भाऊबंद असणारच, आणि भाऊबंदांना कान असणार, हुजुरांपर्यंत पोचणारं तोंडही. "महल नहीं," तो म्हणाला. मी म्हणालो, हवेली? हवेली सावकाराची असते, नवाबाची नाही. बंगला? बंगला इंग्रजाचा. कोठी? कोठी म्हणताच मागून कुणीतरी मला म्हणालं, "कोठीत ज्वारी ठिवतेत, भान्या!" आणि लोक हसले, मायचं बोलणं तोवर गावभर झालं होतं. मुन्शीनं घाईनं हात हलवला. कोठीत खुद्द हुजूर राहत होते.

तेवढ्यात सटवाबानं घमेलं डोक्यावरून न उतरवताच तोंड घातलं. "सायेब, अर्जीत आमचं बी लिव्हा. आमच्या वस्तीला राजवाडा म्हन्त्यात. हुजुरास्नी कळू द्या, हितं आदीच एक महाल हाय म्हून."

आता सगळेच हसले. पाटीलही हसला, मग आपण का हसलो ते त्याच्या लक्षात आलं आणि थांबला. मी तयार करून आणलेली घोषणा द्यायला तोंड उघडलं, पण आबा गर्दीतून पुढं येत होते, म्हणून मिटलं. ती घोषणा तशीच घरी परत गेली.

आबांनी डोक्याचा रुमाल सारखा केला. मुन्शीशी ते आजवर थेट बोललेले नव्हते. त्यांनी कमानीकडं बोट केलं. "सायेब, त्यो गडी कुठं बसलाय?"

मी उर्दूत सांगितलं. उत्तर देता येईल असा एक तरी प्रश्न आला म्हणून मुन्शीला बरं वाटलं असावं. "पठान? ड्योढी में बैठा है," तो म्हणाला.

दगडी चाक तेवढं कण्हत होतं. मुन्शीला आपण काय बोललो ते कळलं, आणि त्याला कळलं हे सगळ्यांना दिसलं.

"मंग देवडी झाली," आबा म्हणाले. "पावली का तुमाला?"

मी उर्दू करायला लागलो, तर मुन्शीनं मला हातानं थांबवलं. त्यानं एकदा आबांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, एकदा त्या अर्ध्या भिंतींकडं. पान थुंकून आला. मग आबांना म्हणाला, "पावली."

दोन वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलेला तो पहिला मराठी शब्द. अर्जीच्या भीतीनं म्हणाला, की चौखटीवर बसणाऱ्या माणसाला चौखटीची दया आली, हे मला ठरवता आलेलं नाही. त्याच्याविरुद्ध पत्रक लिहायचं मात्र राहून गेलं. आबांनी हात जोडले, घाणीकडं गेले आणि पवळ्या-सोन्याच्या मानेवरचं जू उतरवलं. मागोमाग ज्याचे बैल होते त्यानं बैल सोडले आणि ज्याची माणसं होती ती उतरणीला लागली.

हा विजय होता असं मी बरीच वर्षं भाषणांत सांगत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी वेठीची हाळी झाली ती फक्त ओढ्यापलीकडं. मी मुन्शीकडं धावलो. तो म्हणाला, त्या लोकांनी शब्द कुठं दिला होता? जो दिलाच नाही तो पुरा कसा होणार? पाटलालाही हे पटलं, पंचांनाही पटलं. ज्यांनी बेल उचललं ते सुटले, ज्यांना कुणी बेलाला हात लावू दिला नसता ते राबत राहिले. मुन्शीनं बैलांना भाडं देऊ केलं. आबांनी नको म्हटलं, आणि का ते सांगितलं नाही. बाकीच्यांनीही नको म्हटलं. त्यांचं कारण मला ठाऊक आहे, हस्त निघून चालला होता आणि ज्याला त्याला आपली पेरणी होती. बैल नाहीत म्हणून घाणी थांबली, घाणी थांबली म्हणून चुना थांबला, आणि चुन्यावाचून दगडावर दगड राहीना. उस्ताद दस्तगीर आबांना मिठी मारून हैदराबादला गेला. मी राजवाड्यात पळत गेलो आणि म्हणालो, "सटवाबा, वेठ संपली!"

तो खुरपं घासत होता. या वेळी त्यानं मागं वळून पाहिलं नाही. "भानुदास," तो म्हणाला, "चुना संपला."

ती कमान आणि ते ओटे अजून उभे आहेत. मागच्या भिंती कमरेएवढ्या, त्यांत धनगर उन्हाळ्यात शेळ्या बसवतात. म्हणजे शेवटी वाडा झालाच. मध्यंतरी शहरातून एक इतिहासाचे अभ्यासक आले होते. गावात राजवाडा आहे असं ऐकलं, दाखवाल का, म्हणाले. मी त्यांना ओढ्यापलीकडं घेऊन गेलो. तिथं आता दुसऱ्या नावाची पाटी आहे, रंगवलेली. ते कॅमेरा हातात धरून बराच वेळ इकडंतिकडं बघत होते. मी त्यांना बघू दिलं.

पण मला लिहायची होती ती बैल घरी आल्यानंतरची सकाळ. दादा पाठीला फडकं गुंडाळून उठला. तिफण जुंपली. मायनं कोठीच्या तळातलं राखून ठेवलेलं बी ओटीत घेतलं आणि चाड्यावर मूठ धरली. पवळ्या-सोन्या चार पावलं नीट चालले आणि डावीकडं वळले. दादानं कासरा ओढला. ते सरळ झाले आणि पुन्हा डावीकडं वळले. दोन वर्षं त्या चाकाभोवती फिरलेली जनावरं; रिकाम्या रानात त्यांना ते चाक दिसत होतं. दादानं चाबूक उचलला तेव्हा आबा आडवे गेले. त्यांनी दोघांच्या येसणी धरल्या, पवळ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याच्याशी बोलले, आमच्याशी कधी बोलले नाहीत अशा आवाजात. "झाली रं बाबा. देवडी झाली. आता सरळ चल." आणि स्वतः पुढं होऊन, तोंड बैलांकडं करून, उलट्या पावलांनी बांधापर्यंत चालत गेले.

तरी तिफणीचं पहिलं तास वाकडंच आलं. दादा म्हणाला मोडून पुन्हा घेऊ. माय म्हणाली बी पडलंय, ऱ्हाऊ दे. ज्वारी वर आली तेव्हा बांधावरून नीट दिसायचं, सगळ्या ओळी सरळ, आणि कडेची एक कमानीसारखी वळलेली. दिवाळीला घरी होतो तोवर माय रोज सकाळी माझ्या हातात खुरपं द्यायची आणि म्हणायची, "जा, देवडीपसून लाग."